छातीचा तुकडा

महाड,
७ मार्च २०२६

प्रिय रेश्मा,

तुला वहिनीचे पोटभर आशीर्वाद आणि अश्वजितरावांना नमस्कार. पाकीट बघून घाबरू नकोस, वाईट बातमी नाही. वाईट असती तर ती तुला माझ्याआधी चारचौघांकडून कळली असती, आपली माणसं त्या कामात कधी उशीर करत नाहीत. तू फोन उचलत नाहीस. मेसेज पाठवला की एकच करडी खूण येऊन बसते, म्हणजे तू मला दाराबाहेर ठेवलंयस हे कळायला फार शिकावं लागत नाही. म्हणून तुझ्या नणंदेला, शर्मिलाताईंना, बाजारात गाठलं. त्या रविवारी तुमच्याकडे कल्याणला येणार आहेत म्हणाल्या. पाकीट द्यायचंय म्हटलं, तर "द्या, नेते" एवढंच बोलल्या. बाई मला आवडली. उगाच खोदून विचारत नाही.

आमच्याकडे सगळं ठीक. तुझा दादा कंपनीतच आहे, पाळ्या बदलत असतात, त्यामुळे घरात कोण कधी झोपलंय याचा पत्ता नसतो. समीक्षा सहावीत आहे आणि तुझ्यावर गेली आहे. मीठ लावून कच्च्या चिंचा खाते आणि मग दात आंबले म्हणून जेवत नाही. शिमगा नुकताच झाला. पुरानंतर घेतलेला फ्रीज आता घुरघुरायला लागलाय, पण चालतोय.

आबा आमच्याकडेच असतात. वाडीवरच्या घराकडे आणि कोंबड्यांकडे शेजारचे चांगूकाका बघतात. आबा इथे का आले ते सांगते, पण आधी मला तुला स्वयंपाकातली एक गोष्ट सांगायची आहे. तुझ्या वहिनीला बोनलेस चिकन करता यायला लागलं.

हस तू, हस. माझ्या हातचा रस्सा तुला माहीत आहे. लग्नाआधी तूच पातेलं चपातीने पुसून खायचीस आणि वर मलाच म्हणायचीस, वहिनी, एवढुसाच केलास? त्या मला हाडाशिवायची कोंबडी म्हणजे पोरखेळ वाटायचा. पहिल्यांदा दुकानात जाऊन "नुसता छातीचा द्या, बिनहाडाचा, पातळ कातडीसुद्धा नको" म्हटलं, तेव्हा दुकानदाराने सुरी खाली ठेवली आणि विचारलं, वहिनी, जिम लावलीत काय? कारण त्याच्याकडे असलं फक्त दंड फुगवणारी पोरं मागतात. मी म्हटलं, हो, लावली, उद्यापासून तुझं दुकान उचलून बघते.

ते आबांसाठी होतं.

आता सांगूनच टाकते. ज्या गालात आबा तंबाखूची गोळी धरायचे, तिथे गणपतीच्या आधी एक जखम झाली आणि भरेना. आधी दात लागतो म्हणाले, मग तिखट लागतं म्हणाले, मग जेवताना एका बाजूला तोंड वळवून बसायला लागले. दादाने पोलादपूरला दाखवलं, तिथून मुंबईला पाठवलं. गालाचं ऑपरेशन झालं, मग किरणांचे शेक दिले. तेव्हापासून ते इथे आहेत. तुला कळवलं नाही याचा राग माझ्यावर काढ, मी आहे इथेच. आबांनी ऑपरेशनला जाताना दादाला बजावलं होतं, "रेशमीला सांगायचा नाय. मेलो तर सांगा." दादाने मान डोलावली, आणि त्याने मान डोलावली म्हणून मीही गप्प बसले. बरोबर केलं असं म्हणत नाही. पण आज हे मी चिंचा आणि फ्रीजच्या गप्पांसोबत लिहितेय, यावरूनच ओळख की आता घाबरण्यासारखं काही राहिलेलं नाही. पुढे वाच.

शेक संपल्यावरही बरेच दिवस नाकातून नळी होती. ती काढली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून सांगितलं, आता तोंडाने खायचं. तिखट नको, हाड नको, आंबट नको. अंडी, दूध, पेज, आणि ताकद यायला बिनहाडाचं चिकन. पुढच्या तपासणीला वजन अजून उतरलेलं दिसलं तर नळी परत घालावी लागेल. आबांनी ते ऐकलं आणि येताना गाडीत खिडकीबाहेर बघत म्हणाले, "परत नळी घातलीत तर मना वाडीवर नेऊन ठेवा. तिथं बघू काय त्या." तुझ्या दादाने गाडी बाजूला घेतली आणि उगाच टायर बघायला खाली उतरला. वाडीवर ठेवा म्हणजे काय, ते आम्हा दोघांनाही कळलं होतं.

म्हणजे बघ, सगळं येऊन माझ्या गॅसवर ठेपलं. मला वाटलं, यात काय मोठं? कोंबडीच तर शिजवायची. आणि मी ती शिजवली, आपण वाडीवर कोंबडा शिजवतो तशी. आपल्या गावठी कोंबड्याला सकाळी चुलीवर चढवावा तेव्हा दुपारी तो दाताला लागू देतो. तीच सवय हाताला. मी त्या बिचाऱ्या तुकड्याला हळद-मीठ लावून कुकरमध्ये घातलं आणि शिट्ट्या होऊ दिल्या. उघडलं तर कडक वाटला, म्हणून अजून शिट्ट्या दिल्या. जितका कडक, तितक्या शिट्ट्या. शेवटी ताटात पडलं ते मांस नव्हतं, सुंभ होता. आबांच्या तोंडाला आता लाळ फार सुटत नाही, जबडा दोन बोटांएवढाच उघडतो. त्यांनी एक घास घेतला, चघळला, चघळला, डोळ्यांत पाणी आलं, आणि घास काढून हातात धरून बसले. कुठे ठेवावा ते त्यांना कळेना. मी वाटी पुढे केली तेव्हा माझ्याकडे बघितलं नाही.

मग मिक्सरमधून काढलं. ते त्यांनी बघूनच ताट सरकवलं, म्हणाले, "भिंत लिंपायची हाय काय?" खरं सांगायचं तर दिसतही तसंच होतं. मग अजून जास्त शिजवून बघितलं. दादाने सूपची पाकिटं आणली. मी रोज नव्या जिद्दीने दुकानात जायचे आणि रोज तोच सुंभ वळायचे. माझ्या हातचं खाऊन लोक बोटं चाटतात गं, आणि घरातला माणूस माझ्या हातून उपाशी मरतोय, या विचाराने मी इतकी चिडायचे की समीक्षा माझ्या आसपास फिरकायची नाही. आणि हेही लिहिते, मला मधून मधून आबांचाच राग यायचा. वाटायचं, मुद्दाम करतात. हट्टी माणूस, आयुष्यभर सगळ्यांना हट्टाने वाकवलं, आता मला वाकवतात.

पण ते हट्ट करत नव्हते, घाबरले होते. एके दिवशी चहाचा कप घेऊन गेले तर भिंतीकडे तोंड करून पडले होते. तसेच पडल्या पडल्या म्हणाले, "वैशाली, दादाला बोलू नको. पन घसा बंद झालाय. त्यो परत आलाय." तो म्हणजे कोण ते त्यांनी नाव घेऊन सांगितलं नाही, आम्ही घरात ते नाव घेतच नाही. मी म्हटलं, काहीतरीच काय आबा. पण कप तसाच ठेवून बाहेर आले. कारण मलाही तेच वाटत होतं. घास उतरत नाही याचा दुसरा काय अर्थ लावायचा? तपासणीची तारीख जवळ येत होती आणि पँट कमरेवर राहावी म्हणून त्यांनी सुतळी बांधायला सुरुवात केली होती.

मग तो रविवार आला. कुकरची रिंग सैल झाली होती, शिट्टीच होईना. दादा कामावर. मी वैतागून पसरट कढई काढली. तो जाडजूड तुकडा ओट्यावर समोर पडलेला. मला त्याचा असा राग आला की मी प्लास्टिकची पिशवी टाकली त्याच्यावर आणि बत्त्याने बडवला. आबांचा राग, तुझ्या दादाचा राग, तुझाही होता त्यात थोडा, खोटं कशाला बोलू. बडवून बडवून तो चपटा झाला, भाकरीपेक्षा जरा जाड. हळद-मीठ चोळलं, तुपावर टाकला, एक बाजू झाली, उलटला, थोडं पाणी शिंपडलं, झाकण ठेवलं आणि फुस्स करून गॅस संपला.

दुसरा सिलिंडर रिकामाच होता. कढई झाकलेली तशीच ठेवून मी समोरच्या बिल्डिंगमध्ये ललिताकाकूंकडे गेले. काकू म्हणजे आधी पाणी, मग सुनेची तक्रार, मग सिलिंडर. परत येईपर्यंत बराच वेळ गेला. आता हे अर्धकच्चं पुन्हा शिजवायचं म्हणून झाकण काढलं आणि मध्ये सुरीने आडवं कापून बघितलं. आत पांढरंशुभ्र. लाल नाही, गुलाबी नाही. आणि कापल्या जागेवरून पाणी सुटलं, रेश्मा. इतक्या दिवसांत त्या तुकड्यातून मी पाण्याचा थेंब बघितला नव्हता. एक कपटा तोंडात टाकला. दात लावायची गरजच पडली नाही.

त्याला शिजवायचंच नव्हतं गं एवढं. ती पोल्ट्रीची कोवळी कोंबडी, त्यात छातीचं मांस. आणि मी तिला डोंगर चढणाऱ्या कोंबड्याची शिक्षा देत होते.

मग मी धागे जातात त्याच्या आडवे पातळ काप केले, मऊ पेजेत मिसळले, वर कढईतलं तूप-पाणी ओतलं आणि आबांपुढे ठेवलं. काही बोलले नाही. बोलले असते तर त्यांनी खाल्लं नसतं. दाराआड उभी राहिले, चोरासारखी. चमचा वाटीला लागल्याचा आवाज आला. मग पुष्कळ वेळ काहीच नाही. मग पुन्हा चमचा. मी देवाचं नाव घेतलं की कोणाचं, आठवत नाही. मग आतून हाक आली, जीभ जड झाल्यापासून त्यांचा आवाज घोगरा येतो, "वैशाली. उतरला गो."

मी आत गेले तर वाटी रिकामी. म्हणाले, "अजून हाय काय?"

मी कढईकडे गेले आणि बेसिनचा नळ सोडून रडले. इतकं हलकं मला समीक्षा झाली तेव्हाही वाटलं नव्हतं. घसा बंद झाला नव्हता, माझा कुकर चुकला होता. एवढंच होतं. महिनाभर आम्ही ज्याला मरण समजत होतो, त्या माझ्या शिट्ट्या होत्या.

दुसरी वाटी घेऊन गेले तर आबा ती हातात धरून बसले, खाईनात. मला वाटलं पुन्हा अडकलं. पण ते वाटीतला एक काप चमच्याने उलटसुलट करत होते. आणि मग जे बोलले ते मी तुला जसंच्या तसं लिहिते, कारण त्यासाठीच हे पत्र आहे. बाकी सगळं मी तुला धीर यावा आणि मलाही यावा म्हणून लिहिलं.

म्हणाले, "ह्योच तुकडा मी त्याला वाढला व्हता. चुलीवरचा, सुका. गुमान खाल्लान त्यानं. पानी पन मांगलान नाय."

तुमच्या लग्नानंतरचं ते पहिलं जेवण मी विसरले नाही, तूही विसरली नसशील. वाडीवर कोंबडा कापला की कोणाच्या ताटात कोणता तुकडा जातो हे लहान पोरालाही ठाऊक असतं. कलेजी पोरांना, तंगडी जावयाला आणि तीही सासऱ्याने स्वतःच्या हाताने, आणि छातीचा तो कोरडा तुकडा उरल्यासुरल्या माणसाला. आबा पळी घेऊन पंगतीत आले. सगळी वाडी बघत होती, आबांचा, म्हणजे त्यांच्या भिकाजीचा, महाडचा जावई म्हणून. अश्वजितरावांपाशी थांबले आणि तंगडी बाजूला सारून छातीचा तुकडा उचलून त्यांच्या ताटात टाकला. तंगडी पुढच्या ताटात, चांगूकाकांच्या. तोंडाने जातीचं एक अक्षर काढलं नाही. काढायची गरजच नव्हती, सगळ्यांना ऐकू गेलं. तू ताटावरून उठलीस. अश्वजितराव उठले नाहीत. त्यांनी मान खाली घालून तो तुकडा संपवला, ताट स्वच्छ केलं, हात धुतले, आबांना "येतो" म्हणाले आणि तुझ्या मागून गेले.

तेव्हा मला वाटलं होतं, बिचारा भिडेखातर खातोय. आबांना काय वाटलं होतं ते कधी बोलले नाहीत. पण इतके दिवस तोच तुकडा घशात अडकून डोळ्यांत पाणी आणत होता, तेव्हा त्यांना रोज तेच आठवत असणार. त्या दिवशी त्या माणसाने तो कसा गिळला असेल, हे आबांना आता कळलं. शिव्या घालून, समजावून जे कोणाला जमलं नसतं ते असं झालं.

तपासणीला तिघेही गेलो. तोवर आबा रोज दोन वेळा माझं चिकन खात होते, सुतळीला एक गाठ सैल झाली होती. डॉक्टरीणबाईंनी तोंडात बॅटरी मारून बघितलं, मान दाबून बघितली, फोटोचा रिपोर्ट वाचला. म्हणाल्या, काही नाही, स्वच्छ आहे. वजनही वर सरकलंय. नळीचं नाव काढायचं नाही. आबांनी दोन्ही हात जोडले. तुझा दादा कँटीनमध्ये जाऊन चहा आणतो म्हणाला आणि चहा न आणताच डोळे लाल करून परत आला. येताना या वेळी त्याने गाडी कुठेही बाजूला घेतली नाही. माणगावच्या पुढे आबांना झोप लागली, तोंड उघडं टाकून, घोरत. तो आवाज मला इतका गोड वाटेल असं कधी वाटलं नव्हतं.

शिमग्याला एक दिवस वाडीवर गेलो. आंबेनळी घाटाकडून गार वारा सुटलेला, आबा मफलर गुंडाळून अंगणात बसले होते. चांगूकाकांनी एक तांबडा कोंबडा धरून आणला आणि विचारलं, ह्यो कुनासाठी ठेवायचा? आबा म्हणाले, जावयासाठी. चांगूकाकांनी मान वर केली आणि कोंबडा परत खुराड्यात नेऊन ठेवला. त्यांनीही त्या दिवशी ती तंगडी ताटात तशीच ठेवली होती, तुला माहीत नसेल.

तर आता बोलावणं. वीस तारखेला अश्वजितराव चवदार तळ्यावर येतीलच, दर वर्षी येतात. त्या दिवशी महाडात पाय ठेवायला जागा नसते आणि तुम्ही शर्मिलाताईंकडे उतरता हे मला ठाऊक आहे. दरसाल मी गर्दीत तुला शोधते. एकदा तू दिसलीसही होतीस, पांढऱ्या साडीत, पण मला हाक मारायचा धीर झाला नाही. या वर्षी तिथून जेवायला आमच्याकडे यायचं आहे. हे मी बोलावत नाही, आबा बोलावताहेत. आणि आबांचं अजून एक म्हणणं आहे. ते मी त्यांना दोनदा विचारून घेतलं, कारण मला खरंच वाटेना. म्हणाले, "वाटनी मी नाय करनार. पली त्याच्या हातात दे. त्याला वाटंल त्यो तुकडा वाढूंदे मना. मी खाईन."

रेश्मा, तुला यावंसं वाटलं नाही तर मी समजून घेईन. जे झालं ते तुझ्या नवऱ्याच्या ताटात झालं, विसर असं मी म्हणायची कोण? पण आलीस तर एक काम लक्षात ठेव. अश्वजितरावांचा स्वभाव मला माहीत आहे. हातात पळी आली की ते मान द्यायला म्हणून तांबड्या कोंबड्याची तंगडी उचलून आबांच्या ताटात वाढतील. आणि आबा नाही म्हणणार नाहीत. बोलले आहेत ना, खाईन म्हणून. तो हट्टी माणूस ती हाडाची, तिखट तंगडी त्या दोन बोटांच्या तोंडात घालेल आणि गिळायला बघेल, आणि सगळ्यांसमोर पुन्हा त्याचे डोळे भरतील.

म्हणून त्यांना आधीच सांगून ठेव. मोठ्या पातेल्यात तुमचा रस्सा असेल, तू पुसून खाशील तेवढा. शेजारी लहान कढई झाकून ठेवलेली असेल, गॅस बंद. त्यात बडवलेला, तुपावरचा, आडवा कापलेला छातीचा तुकडा असेल.

आबांना तो वाढायचा.

वाट बघणारी,
तुझी वहिनी
वैशाली